बादल्यांच्या दुकानातून पटरच्या दुकानात

मी निघाले तो शेवगावच्या बाजाराचा दिवस होता, आणि तात्यांनी दुकान बंद ठेवलं नाही. मुंबईच्या विमानतळाला जाणारी गाडी बाजाराच्या कडेला थांबवून मी उतरले. ताडपत्रीखाली बादल्यांच्या चळती उभ्या होत्या आणि तात्या, म्हणजे माझे वडील, एका बाईला टब दाखवत होते. मी वाकून पाया पडले. त्यांनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, दुसरा टबावर तसाच. "तिकडं करमलं न्हाई तर लाजू नको, सरळ निघून ये. तुझी जागा मी कुनाला देत न्हाई," एवढं बोलले आणि त्या बाईशी भावाची घासाघीस पुन्हा सुरू केली. गाडीत बसल्यावर मी रडले. खरं सांगायचं तर त्यात रागही होता. एक दिवस दुकान लावलं नसतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

ती जागा म्हणजे दुकानात तात्यांच्या शेजारची. कॉलेजात होते तेव्हापासून मी तिथे बसायची. आठवडे बाजारांतून आम्ही प्लास्टिकचा माल विकायचो: बादल्या, टब, घमेली, चाळण्या. माल दोन जातींचा, एक कोरा आणि एक भंगार वितळवून केलेला. तो ओळखायचा कसा, हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. कड दाबायची, नख रुतवायचं, वास घ्यायचा, टिचकी मारून ऐकायचं. हाताला सवय लागली. धंद्याबद्दल तात्यांचं म्हणणं मात्र पक्कं होतं. "गिऱ्हाइकाला खोटं सांगू नये. पन इचारल्याबिगर सगळं खरंबी सांगू नये."

गणेशला, माझ्या नवऱ्याला, फिनलंडमध्ये टाम्पेरे या शहरात नोकरी लागली म्हणून मी इथे आले. माझ्या बी.कॉम.ला इथे कुत्रंही विचारत नव्हतं. फिनिश भाषेतला एकेक शब्द कोपरगावच्या उसाएवढा लांब. गणेश सकाळी अंधारात जायचा आणि अंधारातच यायचा. बाजाराच्या दिवशी मी घरी फोन करत नसे, कारण मागचा गलका ऐकला की बॅग भरावीशी वाटे. त्यात तिकडे माझी चुलत बहीण सुनीता दुकानात बसायला मागत होती. तिला कामाची गरज होती, आणि तात्या तिला म्हणायचे, "वैशीचं काय ठरतंय ते बघू." वैशी म्हणजे मी. मी इथे अधांतरी आणि माझ्यापायी ती तिथे. शेवटी मी गणेशला सांगून टाकलं, की उन्हाळ्यापर्यंत काही काम मिळालं नाही तर मी परत जाणार.

त्याच्या ऑफिसातली मंडळी सुट्टीच्या दिवशी डिस्क गोल्फ खेळायची. जंगलात ठिकठिकाणी खांब, खांबावर लोखंडी टोपली आणि वर साखळ्या लोंबणाऱ्या. चेंडूऐवजी थाळीसारखी चकती फेकायची, ती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली पाहिजे. लांब फेकायच्या चकत्या वेगळ्या. टोपलीजवळ आल्यावर जी हळू, सरळ टाकतात ती पटर. बोथट कडेची, संथ, आपल्याकडच्या सरळमार्गी माणसासारखी. गणेशला पटर घ्यायची होती म्हणून आम्ही एका दुकानात गेलो. तिथे वापरलेल्या पटरचं एक मोठं खोकं होतं. गणेश रंग बघत बसला आणि माझे हात आपोआप त्या खोक्यात गेले. कड दाब, नख लाव, वास घे. बघता बघता मी दोन चळती लावल्या.

दुकानाची मालकीण पाइवी, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिने इंग्रजीत विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, माल बघतेय. पटरही दोन जातींच्या असतात, हे मला नंतर कळलं. साधं प्लास्टिक हाताला खडबडीत आणि चिकट लागतं, साखळीवर आपटलं तरी उसळत नाही, पण लवकर झिजतं. भारी प्लास्टिक चकचकीत, टिकाऊ आणि थोडं निसरडं. वापरून वापरून वरची छपाई गेली की कुठली चकती कशाची ते दिसत नाही, मग हातानेच ओळखावं लागतं. माझ्या चळती बऱ्यापैकी बरोबर होत्या. पाइवीने मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि म्हणाली, वसंत ऋतूपर्यंत येत जा. जुन्या पटर वेगळ्या करून दे, मग बघू.

तो जानेवारी होता. कुणीतरी जुन्या पटरची तीन खोकी गाडीतून आणून टाकली. रात्रभर गाडीत होती, बाहेर सगळं गोठलेलं. मी उत्साहाच्या भरात लगेच बसले. दाबली ती प्रत्येक चकती कडक. सगळ्यांवर 'कडक' अशा चिठ्ठ्या लावल्या आणि मान ताठ करून घरी गेले. चार दिवसांनी एक गिऱ्हाईक आलं. त्या माणसाने माझ्याकडून कडक म्हणून नेलेली पटर पोळीसारखी दुमडून दाखवली. खोक्यात पाहिलं तर निम्म्या तशाच. गारठल्या होत्या म्हणून कडक लागल्या, दुकानाच्या उबेत मऊ पडल्या.

त्या संध्याकाळी न राहवून मी तात्यांना फोन केला. काम गेल्यातच जमा होतं, सांगून मोकळं व्हावं म्हटलं. सगळं ऐकून ते हसायलाच लागले. "आगं येडे, दुपारी उन्हात तापलेला माल कधी तपासलाय का आपन? मऊच लागनार की. म्हनून तर सकाळी बघायचो." हे मला माहीत होतं! वर्षानुवर्षं मी तेच करत आले होते. फक्त थंडीही तशीच फसवते, हे डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाइवीनेही तेच सांगितलं. आधी आत आण, उबेला येऊ दे, मग हात लाव. वर म्हणाली, "माझंच चुकलं. इथं जन्मलेल्याला हे सांगावं लागत नाही, म्हणून तुलाही सांगायचं सुचलं नाही." मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि पुन्हा लावल्या. काम गेलं नाही.

बर्फ वितळल्यावर पाइवी मला मैदानावर घेऊन गेली. हाताने अर्धंच कळतं, म्हणाली, उरलेलं फेकल्यावर. एकाच साच्यातल्या दोन पटर, एक भारी प्लास्टिकची नवी, दुसरी साध्या प्लास्टिकची झिजलेली. उजव्या हाताने नवी फेकली की ती शेवटी शेवटी डावीकडे ओढ घेते. झिजलेली सरळ जाते, कधी कधी उजवीकडेही कलते. मला आधी वाटलं झिजलेली म्हणजे गेली कामातून. पाइवी म्हणाली, अगं, लोक मुद्दाम अशी शोधतात, तिला थोडे जास्त पैसे लावायचे. मी दिवसभर फेकत होते. खांदा भरून आला, नाक वाहत होतं, आणि जेवायची वेळ टळून गेल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. टाम्पेरेत असं पहिल्यांदाच झालं.

मे महिन्यात पाइवीने मला कायम केलं. मग मी मुद्दाम बाजाराचा दिवस बघून फोन लावला. मागे तोच गलका, कुणीतरी चाळणीचा भाव विचारत होतं. म्हटलं, "तात्या, सुनीताला बसवा माझ्या जागेवर."

त्यांनी आधी चाळणीचा भाव सांगून टाकला. मग ते म्हणाले, "म्हंजे आता येत न्हाईस?"

"येईन की. सुट्टी मिळाली की येते."

"बरं," म्हणाले. "लई चांगलं झालं. त्या पोरीचीबी सोय झाली. पन एक ध्यानात ठेव वैशे. आलीस की पाव्हनी म्हनून बसायचं न्हाई. टेम्पोतल्या बादल्या उतरवू लागायच्या."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. जागा सोडली की आपण पाहुणे होतो, हीच तर भीती मनात धरून मी इतके दिवस बसले होते. तुमच्यापैकी जे असे लांब गेलेत त्यांना ती ठाऊक असेल. आणि जे गावी राहिलेत, त्यांना एवढंच सांगते, आम्ही आलो की आम्हाला फार जपू नका.

गेल्या आठवड्यात मी दुकानाचं दार ढकललं तर पाइवी ना 'ये' म्हणाली, ना कॉफीचं विचारलं. एक जड खोकं सरळ माझ्या हातात दिलं आणि दुसरं आणायला वळली. मी तिथेच उभी राहून हसत होते. पाहुण्याला आपण 'बसा' म्हणतो आणि घरच्याला 'हे धर' म्हणतो. ज्या दारात मला 'हे धर' म्हणतात ते माझं घर. माझी आता अशी दोन आहेत, आणि दोन्हीकडे उतरवायला माल पडलाय.