भिंतीवरची शब्दांची कुटुंबं

काल शेजारी रंगकाम निघालं आणि ओल्या चुन्याच्या वासानं मला ताडकळसचं आमचं घर आठवलं. दहावीला मी इंग्रजीत नापास झाले होते. पुन्हा झाले तर लग्न, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, शब्द एकेकटे घोकू नकोस, त्यांची कुटुंबं धर. म्हणून बैठकीच्या भिंतीवर मी कोळशानं ‘केअर’ लिहिलं आणि खाली ‘केअरफुल’, ‘केअरलेस’ अशी त्याची लेकरं मांडली. महिनाभरात भिंत भरली. पण निकालापर्यंत थांबायला वडील तयार नव्हते; पेपरला आठ दिवस उरले असतानाच त्यांनी मला बघायला पाहुणे बोलावले. आईला अक्षर येत नव्हतं. तिनं घरभर चुना दिला, ती भिंत तेवढी सोडली. वडील तापले, “लोकं काय म्हनतील?” “म्हनू द्या की,” आई म्हणाली. पाहुण्यांतल्या म्हातारीनं विचारलंच, “हे काय गिरवून ठिवलंय वो?” आई सगळ्यांसमोर म्हणाली, “पोरीचा अभ्यास हाय. पेपर झाल्याबिगर बोलणी न्हाई.” पाहुणे चहा पिऊन गेले, ते परत आले नाहीत. मी पास झाले. आज माझ्या लेकीच्या परीक्षेच्या दिवसांत मी कुणालाच घरी बोलावत नाही, आणि त्याला काही हिंमत लागत नाही. आईला लागली होती.