रेघेची गोळी

चैत लागायला अजून पंधरा दिवस होते, तरी भल्या सकाळीच वारा चुलीपुढं बसल्यागत कोमट येत होता. येरमाळ्याच्या पुढं हमरस्त्याला लागून आबारावांचं थेटर होतं. त्याच्या मागच्या विहिरीवर चन्नम्मा वाकून उभी होती. तळाला बादलीभर पाणी साचायला बराच वेळ लागे. तोवर थांबायचं, मग दोर सोडायचा, बादली खडकावर खडखडली की ओढायची आणि ते गढूळ पाणी लुगड्याच्या धडप्यातून गाळून रांजणात ओतायचं. वीस माणसांचा स्वयंपाक त्या रांजणावर होता.

थेटर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आत लावणीची संगीतबारी चाले. ढोकीच्या कारखान्याला ऊस ओढणारे ट्रकवाले, मुकादम, कधी जीपमधून आलेले कंत्राटदार रात्री बैठकीला बसत. बाहेर रान करपून गेलं होतं, पण कारखान्याची चिमणी धूर ओकत होती तोवर बैठकीला माणूस कमी पडत नव्हता.

चन्नम्मा मूळची उमरग्याकडची, कानडी मुलखाच्या कडेची. घाबरली की अजून तिच्या तोंडून 'अय्यो' निघे. नवरा गेला आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. ती खडी फोडायला गेली. त्या कामावर आठवड्याला एक नर्सबाई यायची. तिची पेटी उचलायचं काम चन्नम्माकडं आलं आणि खडीपेक्षा तेच तिला आवडलं. पेटीतल्या पांढऱ्या गोळ्यांना मधोमध एक रेघ असायची. किराणा दुकानातल्या पुडीतल्या गोळीला ती नसायची. लिहिता-वाचता येत नसलेल्या चन्नम्मानं स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट पक्की केली: रेघेची गोळी सरकारी, आणि सरकारी गोळीनं माणूस मरत नाही.

पुढं ती थेटरात स्वयंपाकाला लागली, आणि त्या एका गोष्टीवर तिथं तिचं वजन होतं. कुणाचं डोकं दुखो, कुणाला हिवताप येवो, गोळी आधी चन्नम्मा मावशीच्या तळहातावर यायची. ती उजेडाकडं धरून बघायची आणि "घे" किंवा "टाकून दे" म्हणायची. दहा वर्षांत कुणाला काही झालं नव्हतं.

काल तिन्हीसांजेला ढोलकीवाला शंकरप्पा कागदात बांधलेल्या पाच-सहा गोळ्या घेऊन आला. जीपवाल्या एका कंत्राटदारानं मागल्या आठवड्यात नाचावर पैसे उधळत दौलतजादा करताना त्या त्याच्या हातावर ठेवल्या होत्या.

"म्हमईला नाचाची हाटेलं असतेत म्हणं," शंकरप्पा सांगत होता. "तिथं बड्या घरची पोरंपोरी हीच खातेत अन् पहाटंपस्तोर नाचतेत. पायाला कळच न्हाय. अंग नुसतं तरंगतं."

"तुमी तर बसूनच वाजवता, तुमचं काय तरंगतं?" केशरबाई हसली. ती दुसऱ्या फळीत नाचायची.

म्हाळसाबाई मात्र हसली नाही. बारीतली पहिली नाचणारी ती. चोवीस-पंचविशीची बाई, पण घोटे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. तिनं एक गोळी उचलली आणि चन्नम्मापुढं धरली.

"मावशी, बघा बरं."

चन्नम्मानं कंदिलापुढं धरली. मधोमध सरळ रेघ होती.

"सरकारी हाय," ती म्हणाली. "घे, काय होत न्हाय."

आज सकाळी पाणी भरून झालं, चहा उकळला, तरी म्हाळसाबाई बाहेर आली नाही. चन्नम्मा हाक मारत आत गेली. म्हाळसा उताणी पडली होती. काजळ गालावर ओघळलेलं, पायांत चाळ तसेच. चन्नम्मानं खांदा हलवला. मान एकीकडून दुसरीकडं गेली आणि तिथंच राहिली. नाकापुढं बोट धरलं. श्वास आला. मग बराच वेळ आला नाही. मग पुन्हा आला.

"अय्यो!"

त्या आवाजानं सगळं थेटर गोळा झालं आणि जो तो सगळं ठाऊक असल्यागत बोलायला लागला.

"दारू चढली, लिंबू चोखवा."

"मिठाचं पाणी पाजा, भडाभडा वकंल."

"ताक घाला, इख मरतंय ताकानं."

चन्नम्मानं वाटीभर ताक आणलं, म्हाळसाचे दात चमच्यानं वेगळे केले आणि दोन घोट सोडले. घशात घर्र असा आवाज झाला. म्हाळसाचा चेहरा निळसर पडला. चन्नम्माच्या हातातली वाटी सुटली. तिनं म्हाळसाला कुशीवर ओढलं, तसं ताक ओठांतून बाहेर गळालं आणि श्वास परत लागला. ताकाचं कोण बोललं होतं, ते तिनं मागं वळून बघितलं. कुणीच बोललं नव्हतं म्हणे.

दूध सोसायटीची गाडी कळंबला निघाली होती. दुष्काळात कॅन निम्मे रिकामे, त्यामुळं जागा होती. म्हाळसाला कुशीवर निजवून चन्नम्मा डोक्याशी बसली. शंकरप्पा पायाशी चढला. आबाराव गाडीच्या मागच्या फळीला धरून खालच्या आवाजात म्हणाले, "दवाखान्यात वकाऱ्या लागल्या म्हणून सांगा. गोळीचं नाव काढलं तर पोलिस येतील. माझा परवाना जाईल अन् तुमी वीस जण रस्त्यावर याल. कळलं का, चन्नम्मा?"

"व्हय, मालक."

गाडी हलली. खड्ड्यात आदळली की कॅन एकमेकांवर वाजत आणि त्या आवाजात श्वास ऐकू येईना. चन्नम्मानं तळहात म्हाळसाच्या नाकाशी धरला आणि तसाच ठेवला. ऊन वाटतंय की तिचा श्वास लागतोय, हेसुद्धा तिला नीट कळेना.

"किती घेतल्या हिनं?" तिनं विचारलं.

शंकरप्पा रस्त्याकडं बघत राहिला. "एकच."

"शंकरप्पा."

"मला काय म्हाईत? म्या वाजवत होतो."

कळंबच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी पापणी वर करून बत्ती मारली, नाडी धरली.

"काय खाल्लंय? किती? कधी?"

चन्नम्माच्या तोंडाशी 'वकाऱ्या' हा शब्द आला होता. वीस माणसं, रांजण, आबाराव, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मग म्हाळसाचा श्वास अडकला आणि चन्नम्माला दुसरं काही दिसेना.

"गोळी खाल्ली. म्याच खा म्हणाले, साहेब. रेघ बघून म्हणाले."

"कसली रेघ?"

तिनं बोटानं हवेत दाखवली.

"बाई, रेघ गोळी अर्धी मोडायला असते. विषालासुद्धा कुणी रेघ काढील."

चन्नम्मा भिंतीला टेकली. दहा वर्षांत जेवढ्या गोळ्या तळहातावर घेतल्या त्या सगळ्या तिला आठवायला लागल्या. कुणाच्या ताप आलेल्या पोराला, कुणा पोटुशीला... देवानं वाचवलं होतं, तिनं नव्हे.

"शंकरप्पा, आता तरी बोला," ती म्हणाली. "माझी लाज गेली, तुमची कशाला राखता?"

शंकरप्पानं सदऱ्याच्या खिशातून कागद काढला. आत दोन गोळ्या उरल्या होत्या. "तीन घेतल्या तिनं, साहेब. वर एका पाव्हण्यानं दारू पाजली. बारा वाजायच्या सुमारास. नाचायची म्हणून त्या कंत्राटदारानं दिल्या, पण... म्या गेल्या आठवड्यात अर्धी खाल्ली व्हती. मी तर झोपलोच. झोपेची हाय हे मला कळलं व्हतं. हसतील म्हणून बोललो न्हाय."

डॉक्टरांनी गोळी उलटीपालटी केली. "नाव नाही, गाव नाही. नक्की काय ते मीही सांगू शकत नाही. पण झोपेची असावी, आणि वर दारू. आता बाहेर थांबा."

दार लागलं. आतून भांड्याचा, नळीचा, सिस्टरच्या पायांचा आवाज येत राहिला. प्रत्येक आवाजाला चन्नम्मा उठे आणि परत बसे. पोलिस शिपाई येऊन नाव-गाव लिहून गेला. उन्हं उतरताना आतून खोकल्याचा आवाज आला. मग जाड जिभेनं कुणीतरी पाणी मागितलं.

"धोका कमी झालाय," डॉक्टर म्हणाले. "गेला नाही. आजची रात्र इथंच."

शंकरप्पाला खाटेशी बसवून चन्नम्मा शेवटच्या एसटीनं परत आली. म्हाळसासाठी सकाळच्या गाडीनं भाकरी न्यायची होती. आबाराव ओट्यावर बसले होते. कळंबची खबर त्यांच्या कानावर आधीच आली होती; तिला बघून त्यांनी तोंड फिरवलं. बाया मात्र भोवती जमल्या.

"जिती हाय," ती म्हणाली. "अन् ऐका. रेघेचं म्या सांगत होते ते समदं खोटं. मला गोळीतलं काय बी कळत न्हाय."

मग केशरबाईनं हळूच विचारलं, "मग आता कुणाला दावायची, मावशी?"

चन्नम्मा चुलीपुढं बसली आणि मिरच्यांचं टोपलं ओढून देठं खुडायला लागली.