सलाउद्दीन मिस्त्रींचा मोडका सात

हसू नका, पण सलाउद्दीन मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चक्क भंगारवाला समजले. नुसती समजले नाही, आतून रद्दी आणली, दोन फुटक्या बादल्या आणल्या, वर माझा जुना कुकर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "काटा नीट धरा हं, मागच्यानं फसवलंय मला!" आठवलं की अजून हसू फुटतं. पण माझं तरी काय चुकलं? फाटकात उभा माणूस कसा, तर मळका सदरा, खांद्याला कापडी पिशवी, सोडावॉटरच्या बाटलीसारख्या भिंगांचा चष्मा. मी काय समजणार?

बरं, त्यांनी तरी तोंड उघडायचं ना! नाही. कुकर फिरवून बघितला, झाकण लावलं, काढलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे झाकण ह्या कुकरचं नाही."

"माझ्या लग्नातला आहे तो!"

"असेल. झाकण दुसऱ्याचं आहे."

तेवढ्यात त्यांचा मुलगा रिझवान स्कूटर लावून पळत आला. "काकू, अब्बा भंगार नाही घेत. गाडी बघायला आलेत. पुण्याच्या डॉक्टरांनी बोलावलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा टाकला, दुसरं काय करणार.

तर गाडी. आमच्या ह्यांची लाल एमजी, बावन्न सालची, दोन माणसांची, टप उघडणारी. गंगापूर रोडवरून हे ती चालवत निघाले की मान अशी ताठ, जसं काही सासऱ्यांनी आंदण दिलीय. तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये बसली. मुलगी फोनवर रोज म्हणायची, आई, गंजून जायच्या आत वीक. पुण्याचे डॉक्टर घ्यायला तयार झाले, फक्त म्हणाले, आधी सलाउद्दीन बघणार.

तेव्हा मला कळलं हा माणूस कोण ते. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत म्हणे निम्म्या जोडलेल्या. बॉडी हिची, इंजिन तिचं, कागद तिसरीचे. वर रंग मारला की नवरीसारखी. अस्सल निघाली तर दुप्पट भाव. मुंबई-पुण्याचे शौकीन वडाळा नाक्यावरच्या ह्या डेंटरला, गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याला, बोलवायचे ते एवढ्यासाठीच. मिस्त्रींनी हो म्हटलं की अस्सल, नाही म्हटलं की नाही. ना कसलं सर्टिफिकेट, ना शिक्का. त्या एका शब्दावर त्यांचं घर चाललेलं आणि इज्जतही.

डॉक्टर आले आणि मिस्त्री कामाला लागले. मी पायरीवर बसून बघत होते. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारावरून, मडगार्डवरून असं फिरवलं जसं आई तापलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवते. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी म्हणजे पुटी भरलेली. मी म्हटलं, "काय हो मिस्त्री, गाडीला गुदगुल्या होतील!" ते चुंबक पुढे सरकवत राहिले. मोतीबिंदूनं डोळे अधू झालेले, त्यामुळे सगळं बोटांनी चाललेलं.

मग पुढच्या चाकाजवळ चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकलेला नंबर. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात. आरटीओतही तसंच करतात. पण मिस्त्रींची एक वही आहे. बघितलेल्या प्रत्येक गाडीची छाप तीत चिकटवलेली. म्हणे ठोकलेल्या आकड्यांवरून कळतं, कारखान्याचे की कुणी मागून ठोकलेले.

कागद त्यांनी घासला. डोळ्यांजवळ नेला. मग कागद सोडून नंबरावरच बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. डॉक्टरांचा फोन वाजला म्हणून ते फाटकाबाहेर गेले. मिस्त्री जमिनीवर बसले ते बसलेच.

रिझवान घाबरला. "अब्बा, चक्कर आली का?"

मिस्त्रींनी वहीचं पहिलं पान उघडलं. पिवळी पडलेली छाप. शेजारी आत्ताचा कागद ठेवला. मलासुद्धा दिसलं, दोन्हीकडे सात ह्या आकड्याचं डोकं डावीकडून तुटलेलं.

"हा ठप्पा माझ्या उस्तादांचा, कोंडाजी मिस्त्रींचा," ते म्हणाले. "पंचवटीत गॅरेज होतं. सातचा ठप्पा मोडका होता. अडतीस वर्षं झाली. दोन मोडलेल्या गाड्यांची एक केली आम्ही, आणि कागदांशी जुळावा म्हणून नंबर मी ठोकला. ह्या हातानं. देवळालीच्या एका पार्टीला गाडी गेली, पुढं कुठं गेली कळलंच नाही. लोकांना वाटतं मला शौक आहे जुन्या गाड्यांचा. ताई, मी प्रत्येक गाडीत हा सात शोधत होतो."

देवळालीच्या पारशाकडूनच तर ह्यांनी घेतली होती. मी विचारलं, "ह्यांना माहीत होतं का हो?"

"कसं असेल? ज्याला विकली त्यालाच नव्हतं सांगितलं."

रिझवान खाली वाकला. "अब्बा, डॉक्टरसाहेब बाहेर आहेत. कुणाला दिसणारे? तुम्ही फक्त ठीक आहे म्हणा."

आणि आता खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं. "जाऊ द्या ना मिस्त्री. आम्ही दोघं सोडून कुणाला कळलंय? उगाच तुमचंही नाव खराब." मला माझ्या गाडीचा भाव दिसत होता, हे तर आहेच. पण ह्यांची ती ताठ मानही दिसत होती.

मिस्त्री म्हणाले, "मग ह्या वहीचं काय करू?"

डॉक्टर आत आले. मिस्त्री उठून उभे राहिले, सदरा झटकला आणि सांगून टाकलं. "साहेब, गाडी जोडलेली आहे. नंबर खोटा. मीच ठोकलेला."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "म्हणजे माझ्या घरच्या त्या दोन, ज्या तुम्ही अस्सल सांगितल्या?"

"त्या अस्सल आहेत."

"हे मी आता कशावरून मानू?"

 मिस्त्रींनी लोहचुंबक रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. रिझवाननं स्कूटर सुरू केली, बापलेक निघून गेले. माझा चहा तसाच कपात.

ह्या शौकिनांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. तेव्हापासून मिस्त्रींना एक फोन नाही. आठ महिने झाले. रिझवान म्हणतो, रात्री वही घेऊन बसतात, जेवण नाही, डोळ्यांचं ऑपरेशन कर म्हटलं तर म्हणतात, आता बघायचंय काय. गाडी माझ्या शेडमध्येच. निम्म्या भावानंही कुणी विचारत नाही, मीही आता कुणाला विचारायला जात नाही.

शुक्रवारी नमाजानंतर मात्र मिस्त्री येतात. मी बोलावत नाही, ते सांगत नाहीत. बॅटरी जोडतात, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवतात, बंद करतात. मग पायरीवर बसतात.  मला बाई गप्प बसवत नाही, म्हणून मीच बडबडते, डिवचते.

परवाही तसेच बसलेले. चेहरा असा की बघवेना. मी मुद्दाम कुकर आणून पुढ्यात आपटला. "हा घ्या. बाकी सगळं तुमचं खरं असेल, पण झाकणाचं खोटं. चाळीस वर्षं भात शिजवतेय मी ह्यात."

"शिट्टीआधी कडेनं वाफ जाते की नाही?"

"जाते. सगळ्यांच्याच जाते!"

"सगळ्यांच्या जात नाही, ताई."

"तुम्ही आलात कधी माझ्या सैपाकघरात?"

मिस्त्रींनी पिशवी चाचपली. पातळ कागद काढला, पेन्सिल काढली. कुकर पालथा घातला आणि घासून झिजलेल्या तळावर कागद धरून पेन्सिल फिरवली. मग झाकणावर, दांड्याजवळ. कागद माझ्या हातात दिला. तळावर एका कंपनीचं नाव, झाकणावर दुसरीचं. ढळढळीत.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांडी घाईत भरली होती. माझं झाकण सरुबाईकडे गेलं, माझ्या जावेकडे! आणि चाळीस वर्षं मी गॅसकेट बदलतेय. तीही तिकडे सायखेड्याला बदलत असणार.

"बरं, बरं," मी म्हटलं. "पण बसतं तरी ना!"

"बसतं," मिस्त्री म्हणाले. "त्याचं नाही, एवढंच."

वही उघडली, कुकरची छाप शेवटच्या कोऱ्या पानावर ठेवली आणि माझ्याकडे हात पुढे केला, "डिंक आहे का, ताई?"