आबांच्या पानाचा देठ

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. आमच्या सारसोळे गावात भर दुपारी ज्या चिंचेखालून जायला बायका घाबरायच्या, तिथं बसून मी निवांत कोळंबी सोलायचे. लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकले, लेकीच्या पुस्तकांवरून. या सदरातले लोकांचे अनुभव वाचते आणि मनात म्हणते, झोपेत असेल बिचारा! पण माझ्याच बाबतीत एक गोष्ट घडली... आणि तेव्हा मी झोपेत नव्हते. सकाळचे आठ वाजले होते, माझ्या हातात पेटतं निरांजन होतं.

साल आता आठवत नाही. नेरूळला स्टेशन व्हायचं होतं, नव्या शहराचे रस्ते नुसते आखून ठेवलेले. खाडीत आमची एक होडी. माझे सासरे, म्हणजे आबा, यांनी तिला इंजिन बसवलं. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं. इंजिन होडीच्या पोटात, त्यावर फळीचं झाकण, आणि बोट घालून उचलायला फळीला एक भोक.

आता आबांची पद्धत ऐका. होडीत चढताना पाय मधोमध टाकायचा, काठावर नाही. पदर, बाही सगळं आधी आवळून घ्यायचं, कारण "इंजिनाचा पट्टा मानूस वलखत नाय." मग फळी काढून कडेला उभी करायची, तिच्या भोकात पानाचा देठ खोचायचा, पान तोंडात टाकायचं आणि बसायचं. पान संपेपर्यंत इंजिनाला हात नाही. विडी नाही, काडी नाही. आत कोंडलेला पेट्रोलचा गॅस उडून जाऊ दे! मग तळाला चिंधी फिरवून ती हुंगायची, नळ्या चाचपायच्या, तेलाची काडी बघायची. सगळं बरं दिसलं की देठ काढायचा. ज्यानं खोचला त्यानंच काढायचा — तोवर दुसऱ्या कुणी इंजिन चालू करायची दोरी ओढायची नाही.

लोक चिडवायचे, "काय आबा, इंजिन बालंत झाला कं?"

आबा पान चघळत म्हणायचे, "बालंतीन बरी रं, वरडून सांगते तरी. ह्यो न सांगता मारतो."

शाळेची पायरी न चढलेला माणूस! पण इतक्या वर्षांत त्यांच्या होडीत कुणाच्या भुवईचा केससुद्धा जळला नाही.

आबा गेले. एक वर्ष दुखवट्यात गेलं, होडी नुसती बांधून होती. दुसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमेला आमच्या ह्यांना भारी हौस. आदल्या संध्याकाळी टाकी भरली, फळी लावली, पताका बांधल्या. मला म्हणाले, "शेवंते, यंदा पूजा इंजिनावरच मांड. दिवा फलीवर ठेव, सगल्यांना दिसला पायजे."

आबा आरती खाडीच्या काठावरून करायचे, हे मला ठाऊक होतं. पण विडी वेगळी आणि देवाचा दिवा वेगळा, असंच माझ्या डोक्यात. देवाचा दिवा कसा घात करील?

सकाळी ओहोटी होती, होडी चिखलात बसलेली. मी एकटीच चिखल तुडवत गेले, फळी पुसली, तिच्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि ताट आणायला घरी आले. फार तर दहा मिनिटं. परत निघाले तेव्हा निरांजन पदराच्या आडोशाला, मागून हे, त्यांच्या खांद्यावर आमची चार वर्षांची मंगल.

होडी दहा पावलांवर आली आणि मी थांबले.

फळी कडेला उभी होती. माझं स्वस्तिक माझ्याकडे तोंड करून. आणि भोकात पानाचा देठ... हिरवागार.

"फली कोनी उघरली?" हे मागून ओरडले. "सनाच्या दिवशी मस्करी करताव?"

मी खाली चिखलात बघितलं. होडीपर्यंत जाणारी एक रांग, परत येणारी एक. दोन्ही माझ्याच पावलांच्या.

ह्यांनी मंगलला माझ्याजवळ उतरवलं आणि तणतणत पुढं गेले. फळी लावायला वाकले आणि तसेच राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "शेवंते, पोरीला घे नि मागं जा. दिवा घेऊन पुरं येव नको."

मी निरांजन तिथंच चिखलात उलटं केलं. देव रागावला तर रागावू दे.

वर्षभर पडून नळी चिरली होती. रात्रभर टाकी ठिबकत होती, तळाला पेट्रोल साचलेलं, आणि वरून फळी घट्ट. मी त्या फळीवर दिवा ठेवणार होते.

ह्यांनी सगळं पुसलं, धुतलं, नवी नळी घातली. दुपारी भरती आली, गावाच्या होड्या वाजतगाजत निघाल्या. आमची तशीच.

"हिऱ्या, पानी उतरंल रं! ओढ ना दोरी!" शेजारी ओरडला.

"देठ हाय," हे म्हणाले. "माज्यानं नाय काढवत."

तेवढ्यात सासूबाई आल्या. विधवा म्हणून सणाला होडीजवळ यायच्या नाहीत. गुडघाभर पाण्यातून आल्या, पाय बरोब्बर मधोमध टाकून चढल्या. चिंधी फिरवली, हुंगली. नळ्या चाचपल्या, काडी बघितली. सगळं आबांसारखं! "बरा हाय," म्हणाल्या. "त्यांचा मी काढते, माजा हक हाय." देठ काढला, पदराला पुसला आणि तोंडात टाकून चावला.

ह्यांनी एकदाच दोरी ओढली. इंजिन लागलं.

फळी कुणी काढली म्हणून आम्ही घरोघर विचारलं. कुणीच नाही. पानाला कधी न शिवलेले आमचे हे, त्या दिवसापासून होडी विकेपर्यंत रोज इंजिनापाशी एक पान खात बसले — तोंड वाकडं करत, पण संपेपर्यंत.

सासूबाईंना एकदा मी धीर करून विचारलं, "आई, देठ सुकलेला होता का हो? कुणाचा जुना, पडलेला?"

"नाय गं," त्या म्हणाल्या. "कवला व्हता. आताच तोरलेला."

आमच्या गावात तेव्हा पानाचा वेल कुणाच्याच दारी नव्हता. तो देठ कुठून आला, ते मला आजही सांगता येत नाही.