जिन्यावरचा बल्ब

१९८४च्या हिवाळ्यात, मुलुंडच्या आमच्या इमारतीत, मी आमच्या कुत्र्याला साखळीने ओढलं आणि तो जिन्याच्या पाच पायऱ्या गडगडत खाली गेला. सकाळी उड्या मारत उतरणारा हा कुत्रा महिनाभर संध्याकाळी वरच्या पायरीवरच बसायचा आणि नंतर घरात लघवी करायचा. फिनेलने पुसायचो मी. "माजलाय तो. नाटकं सगळी. ओढ रे त्याला," भाऊ म्हणाला होता. पाय सुजला म्हणून कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच्यासमोर कापसाचा बोळा टाकला. त्याची मान बोळ्यामागे वळली. मग पडदा ओढून उजेड कमी केला आणि पुन्हा टाकला. मान हलली नाही. "कमी उजेडात दिसत नाही याला. जिन्यावर दिवा आहे ना?" त्यांनी विचारलं. बल्ब महिन्यापूर्वीच गेला होता. तो बदलायची पाळी आमच्या घराची होती आणि आईने मला तीनदा सांगितलं होतं. आजही कुठला बल्ब गेला की मी त्याच दिवशी बदलतो. त्या संध्याकाळी मी नवा बल्ब लावला, जिना उजळला आणि मी घरात येऊन साखळी उचलली. तिचा आवाज ऐकून कुत्रा लंगडत पलंगाखाली गेला.