हलीमाबीची काचेची नळी

माझे अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्वदीर्घाचा नाद मास्तरांनी चौथीतच सोडला होता. चुका पोटात घालाव्यात. हलीमाबी जाऊन दोन महिने झाले. मी परसात भांडी घासत होते, तेव्हा शेजारीण कुडावरून म्हणाली, "ती बिछान्याची बाई गेली की. पाठ पार सडली व्हती म्हणे." मी घासलेलेच भांडे पुन्हा घासत राहिले...

माझे माहेर नगरकडचे, इंग्रजी हद्दीतले. तिकडे मुलींची शाळा होती, म्हणून तलवाड्याच्या या घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सासूबाईंचे अर्धे अंग गेले. बाजारगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गावोगावच्या सुइणी जमवून त्यांना अंथरुणावरचा रोगी सांभाळायला शिकवले होते. आमच्या गावची हलीमाबी. ती रोज रोग्याच्या घरी जाई, दर बाजारी गाडीवानाबरोबर दवाखान्यात चिठ्ठी जाई, औषध येई. ताप बघायला तिला पितळी डबीतली काचेची नळी दिली होती, पण आकडे येत नव्हते. म्हणून ती अंग पुसायची, कूस बदलायची आणि पारा मी वाचायची, चिठ्ठीही मीच लिहायची. "तू माजे डोळे, बेटी," म्हणायची.

तिचा हात सासूबाईंच्या पाठीला चालायचा, घागरीला चालायचा नाही. मी वरून पाणी ओतायची, ती ओंजळीत झेलून त्यांना धुवायची. सासूबाई म्हणत, "हात हायती का सांडशी? बोकड सोलल्यावानी वळवती." हलीमाबी म्हणे, "बोकड शिव्या देत न्हाई, पाटलीणबाई." सासूबाईंना हसू येई आणि मग हसल्याचा राग येई. दीड वर्षात त्यांच्या पाठीला एक फोड आला नाही.

अशाच एका दुपारी त्या हसल्या आणि त्याच रागात चांगल्या हाताने त्यांनी नळी हिसकून भिंतीवर मारली. सारवलेल्या जमिनीवर पाऱ्याच्या गोळ्या पळाल्या. आवाजाने सासरे आत आले. सासूबाई म्हणाल्या, "हिनं फोडली." सासऱ्यांनी मला विचारले, "सूनबाई, तू हितंच हुतीस. हिनंच फोडली न्हवं?" त्यांच्यासमोर मी कधी एक शब्द बोलले नव्हते. हलीमाबी माझ्याकडे बघत होती. मी पदर पुढे ओढला आणि होकाराची मान हलवली... भीती होती असे म्हणता येणार नाही. त्या घरात मला कोणी मारत नव्हते. तोंड उघडायची लाज वाटली, एवढेच.

दवाखान्याला तसे कळवायची चिठ्ठीही मीच लिहिली. हलीमाबीने ती वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. "चांगलं लिवलं," ती म्हणाली आणि रिकामी डबी कनवटीला लावून गेली.

उलट चिठ्ठी आली, की नळीचे तीन हाली रुपये, म्हणजे इकडच्या संस्थानी नाण्यातले, भरेपर्यंत तिला नवी नळी नाही आणि रोगीही नाही. महिन्याभरात सासूबाईंची पाठ फुटली. मी वळवत होते, पण तिच्यासारखे जमेना. सासूबाई ओरडत, "बोलवा तिला." सासरे ओसरीवरून म्हणत, "कावून? नळी फोडती ती. तूच म्हनलीस." सासूबाई तिला हाका मारतच वारल्या.

हलीमाबी खुरपायला जाऊ लागली. त्या मजुरीत तीन रुपये कधी साठले नाहीत. या उन्हाळ्यात तीच अंथरुणाला खिळली. लेक शरीफा दिवसभर कामावर. कूस कशी बदलायची हे गावात आणखी एकीला येत होते. ती मी, चार घरे सोडून. मी गेले नाही.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर माहेरचे चांदीचे वाळे भावाच्या हाती विकले आणि शरीफाच्या दारात गेले. तिने तिन्ही रुपये उंबऱ्याच्या दगडावर वाजवून पाहिले. "अम्मा म्हनायची, पोरगी देईल. लाजरी हाय, उशीर लागंल." रुपये तिने माझ्याच हातात परत ठेवले, वर ती पितळी डबी ठेवली. "दवाखान्याचे हायती. तुमीच चिठ्ठी लिवा. सवय हाय तुमाला."

मी लिहिले, हलीमाबीकडचे तीन रुपये पाठवत आहे. नळी तिने फोडली नव्हती आणि ती आता नाही, या दोन ओळी राहिल्या. चिठ्ठी सासऱ्यांच्या हातून गाडीवानाकडे जाते आणि ते त्याच्याकडून ती वाचून घेतात. तिथे लिहिल्या नाहीत, म्हणून इथे लिहिल्या.

काल बाजाराहून गाडी आली. कागदात गुंडाळलेली नवी नळी होती. मी ती डबीत घातली, बरोबर बसली. सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, मोठ्या अक्षरात, कोणीतरी हलीमाबीला वाचून दाखवील म्हणून: "हलीमाबीस, तीन रुपये पावले. बाकी काही नाही. उद्यापासून रोगी पाहावेत."