सुदामबाबांचं पदक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी विडीसुद्धा कधी लपवता आली नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. ऐकून घ्या, एवढंच.

मला लढायांच्या पदकांचा नाद होता. सत्तरच्या दशकात मी मानोऱ्याकडच्या एका गावात मास्तर होतो. सुटी लागली की कारंज्याच्या सोनारांकडे मोडीत आलेली पदकं शोधत फिरायचो. हौसेला मोल नसतं म्हणतात. मी तर लाजही ठेवली नाही.

सुदामबाबा आमच्याच गावचे. पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याकडे लढून आलेले, आता डोळे गेलेले. दरवर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत ते सगळ्यांच्या पुढे चालायचे — छातीवर चांदीचं पदक. अशा पदकाच्या कडेला शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते, इंग्रजीत. ती अक्षरं मी एकदा त्यांना वाचून दाखवली, तर म्हातारा कितीतरी वेळ नुसता हसत बसला. त्यांची पलटण लढाईनंतर लवकरच मोडली होती. म्हणजे त्या पलटणीचं नाव कोरलेलं पदक पुन्हा हाती लागणं नाही — हे मला कळलं, आणि तिथेच माझी नियत फिरली.

फीत विरली आहे, नवी लावून देतो, असं सांगून मी ते घरी नेलं. माझ्याकडे हुबेहूब तसंच एक होतं, कुण्या पंजाबी शिपायाचं. त्याला नवी फीत लावली — आणि तेच परत केलं. आंधळ्याला काय कळणार? कड कोण वाचणार? असा विचार केला मी. मास्तर ना मी!

पुढच्या जयंतीला त्यांचा पुतण्या आला, अकोल्याला नोकरीला लागलेला. मिरवणूक निघण्याआधी, काकाचं नाव सगळ्यांना ऐकवावं म्हणून त्यानं मोठ्या कौतुकानं कड वाचली. नाव भलत्याचंच निघालं. त्यानं पुन्हा वाचून पाहिलं. मग कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारा लढाईवर गेलाच नसेल.

मी तिथेच उभा होतो. बाबांनी मला हाक मारली.

“गुर्जी, तुमीच वाचून दाखोलं होतं ना मले? सांगा या लोकायले.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. एक ‘हो’ पुरे होता. मी म्हणालो, तेव्हा मी नीट पाहिलं नव्हतं.

नीट पाहिलं नव्हतं! अक्षर न् अक्षर पाठ होतं मला. आजही आहे.

बाबा भांडले नाहीत. पलटण मोडली तेव्हा वाटपात अदलाबदल झाली असेल, असं काहीसं पुटपुटले. मग चाचपडत पिन काढली आणि पदक माझ्या हातावर ठेवलं.

“मंग हे ज्याचं हाय त्याच्या घरी पोचवा, गुर्जी. त्याचे लेकरं वाट पाहत असतीन.”

त्या वर्षी ते मिरवणुकीत मागे चालले, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून. नंतर आलेच नाहीत. वारले, तेव्हा मी गेलो नाही.

दोन्ही पदकं माझ्याकडे आहेत.